हिच्या हातचे गळ

सिंगापूरला मी पोचलो तेव्हा हिला जाऊन बावीस दिवस झाले होते. माझ्या पासपोर्टची मुदत संपलेली. ती संपते हेच मला ठाऊक नव्हतं. मुलानं सगळं इथंच उरकून घेतलं. मी आलो तर भिंतीवर फोटो, त्याला चंदनाचा हार, आणि बाथरूमच्या दारामागं हिची एक साडी अजून तशीच टांगलेली.

ही चार वर्षं इथं होती. नातीला सांभाळायला सहा महिन्यांसाठी म्हणून आली आणि राहिली. मी तिकडंच, उजनीच्या धरणावर. आमचा धंदा मासेमारीचा, बापापासूनचा. चिलापी, मरळ, रोहू, कटला, जाळ्यात येईल ते. होडी सोडून इथं येऊन मी काय करणार? दोनदा महिना महिना राहून गेलो. लिफ्ट, एसी आणि खिडकीतून दिसणारी जहाजं. तिसऱ्या दिवशी जीव घुसमटायचा. ही रोज सकाळी फोन करायची.

"आज किती घावले?"

"वीस किलो."

"जेवला का?"

"जेवलो."

"बरं, ठेवते मग."

चार वर्षं हेच बोलणं. मला वाटायचं, हिला तिकडं सांगण्यासारखं काही घडतच नसणार.

आता होडी पुतण्याला देऊन टाकली आणि कायमचा आलो. मुलगा तांजोंग पगारला ऑफिसात जातो, सून नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासते, नात शाळेत. आमचा फ्लॅट मरीन परेडला, आठव्या मजल्यावर. इथल्या इमारतींचा तळमजला मोकळाच ठेवतात. नुसते खांब, आणि बसायला दगडी टेबलं. दिवसभर मी तिथं जाऊन बसायचो.

तिथंच तो म्हातारा भेटला. पाचव्या मजल्यावरचा चिनी. सगळे त्याला अंकल म्हणतात. वय माझ्याएवढंच, पण केस काळे केलेले, अर्धी चड्डी, पोटऱ्या तरण्या माणसासारख्या. मला बघून उठून उभा राहिला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले. मी हात सोडवून घेतला. माझी बायको गेली आणि डोळे हा पुसतोय. कोण हा?

मग त्यानं पिशवीतून एक चपटा डबा काढला आणि उघडला. आत रांगेनं गळ टोचून ठेवलेले. साधे गळ नव्हेत. प्रत्येकावर रंगीत पिसं बांधलेली, गुलाबी, नारिंगी, जांभळी, काळी, मधे चंदेरी तार. त्यानं वर आमच्या मजल्याकडं बोट दाखवलं.

"युअर वाइफ. शी मेक. ऑल."

एवढं इंग्रजी मला कळलं.

सून कामावरून आली तशी मी दारातच तिला गाठलं.

"सूनबाई, तो खालचा चिनी कोण?"

"कोण, अंकल? ते आईंचे मित्र, आप्पा."

"मित्र?"

"हो. मित्र."

"आमच्यात बायकांना मित्र नसतात."

तिनं चपला काढल्या, पिशवी ठेवली. "असतात, आप्पा. सांगत नाहीत, एवढंच."

त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्या मनात काय आलं ते तुम्ही समजा. मी लपवत नाही. चाळीस वर्षांवर संसार केलेल्या बाईबद्दल मी ते मनात आणलं. आणि फोटोकडं बघून आणलं.

हळूहळू सुनेकडून कळलं ते असं. हा म्हातारा बंदरात कामाला होता. रिटायर झाल्यावर यानं एक धंदा काढला. सहा-आठ जणांची टोळी घेऊन परदेशातल्या नद्यांवर सामन मासा धरायला जायचं. मी आधी समजलो आपला रावस. मासळी बाजारात त्यालाच इंडियन सामन म्हणतात. सून म्हणाली, तो नव्हे, हा वेगळा. हा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालायला परत नदीत चढतो. प्रत्येक देशात त्याची चढायची वेळ वेगळी. म्हणून हा जानेवारी-फेब्रुवारीत न्यूझीलंड, जून-जुलैत अलास्का, सप्टेंबर-ऑक्टोबरात कॅनडा. सिंगापुरात बारा महिने एकच उकाडा. इथं नदी म्हणजे बांधून काढलेला कालवा. आणि अशा गावात बसून हा माणूस नदीचा वाटाड्या झालेला.

सामन ज्या गळानं धरतात त्याला ते लोक माशी म्हणतात. ती हातानं बांधावी लागते. अंकलची नजर अधू झाली होती, बोटं थरथरायची. हिनं ते काम घेतलं. दुपारी नात झोपली की ही तिला खांद्यावर घेऊन पाचव्या मजल्यावर जायची. अंकलची बायको तिथंच दुसऱ्या टेबलावर मैत्रिणींबरोबर माहजोंगच्या सोंगट्या आपटत बसायची. तिला काही वाटायचं नाही. मी पुढं त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिनं मलाही नारळाच्या दुधातली हिरवी वडी खायला दिली आणि परत खेळायला बसली. म्हणजे जळणारा एकटा मीच.

ही जाताना डब्यात एकेचाळीस गळ तयार करून ठेवून गेली होती. मी मोजले. मी आलो त्याच जानेवारीत टोळी न्यूझीलंडला निघाली आणि डबा बरोबर गेला. परत आला तेव्हा त्यात एकोणतीस.

"बाकीचे?" मी विचारलं. सून मधे बसली होती.

अंकलनं हात हलवून दाखवलं. एक दगडात अडकला. एक झाडाला. सहा माशांनी तोडून नेले. चार गिऱ्हाइकांनी मागून घेतले. तो हसत सांगत होता, मोठ्या कौतुकानं. माझ्या छातीत प्रत्येक गळाला टोचत होतं. हिच्या हातची शेवटची वस्तू, आणि हा ती परमुलखातल्या झाडांना लटकवून येतो.

"त्याला म्हणावं, जपून वापर."

सुनेनं सांगितलं. तो काहीतरी बोलला. सून म्हणाली, "ते म्हणतात, जपायचं असेल तर मासे धरायला जाऊच नये."

ते खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. जाळी मीही फाडलीत, खडकात सोडलीत. पण ती माझी जाळी होती.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. मी एक गळ उचलून भिंगाखाली धरला. पिसं जिथं संपतात तिथं दोऱ्याची शेवटची गाठ असते. अंकलनं स्वतः बांधलेले जुने दोन-तीन होते, त्यांची गाठ वेगळी. हिची गाठ जाळ्याची. माझ्या आईनं हिला शिकवलेली, आमच्या घरची. लग्न झाल्यापासून ही आमची जाळी सांधायची, ओसरीवर बसून, पायाच्या अंगठ्यात दोरा धरून. कितीही ताणा, ती गाठ सुटत नाही. अंकल म्हणाला, तिकडचे लोक विचारतात, ह्या माश्या कोण बांधतं, मासा काठी मोडतो पण माशी उसवत नाही.

"ही गाठ आमची आहे म्हणावं," मी सुनेला म्हणालो.

"आप्पा, गाठीवर काय नाव असतं का?"

"असतं. मला दिसतं."

तिनं ते सांगितलंच नाही बहुतेक. अंकल नुसती मान हलवत बसला.

मग मी त्याला विचारलं, माझी बायको माझ्याबद्दल काय सांगायची? हे विचारायला मला महिना लागला होता. तो म्हणाला, तुझा नवरा काय करतो असं एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, धरणावर कामाला आहे.

एवढंच. मासे धरतो, हे नाही. चार वर्षं एका मासे धरणाऱ्याशेजारी बसून माशांचे गळ बांधले आणि आपला नवरा कोळ्याच्या घरात जन्मला हे त्याला सांगितलं नाही. आणि मला त्याच्याबद्दल सांगितलं नाही. रोज सकाळी "किती घावले" विचारणारी बाई. त्या दिवसापासून मी अंकलवर जळत होतो की हिच्यावर, माझं मला कळेना. फोटोला नमस्कार करायचंही आठ दिवस सोडलं होतं.

जूनच्या टोळीआधी रविवारी मुलगा मला ईस्ट कोस्टच्या बागेत घेऊन गेला. अंकल तिथं नव्या गिऱ्हाइकांना शिकवतो. आठ माणसं, बँकेतले साहेब, एक डॉक्टरीण, कोरड्या गवतावर रांगेत उभी. हातात लांब काठ्या. जाड दोरी मागं भिरकावायची, थांबायचं, पुढं फेकायची. पाण्याचा थेंब नाही. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा. ओलं धोतर झटकल्यासारखं चाललेलं. मी हसलो.

"हसू नका आप्पा," मुलगा म्हणाला. "फी भरून आलेत ते."

"गवतावर मासे धरायला?"

"सराव आहे."

मग अंकल त्यांना माशाचं काही सांगायला लागला. मुलगा मला मराठीत सांगत गेला. सामन नदीत शिरला की खाणं बंद करतो. पोट आत ओढलं जातं, अंग लाल पडतं, पण तो खात नाही.

"मग गळाला का लागतो?"

"चिडून. आपल्या वाटेत हे कोण आलं म्हणून चावतो."

"भूक नसताना?"

"हो."

"आणि धरल्यावर?"

"सोडून देतात. पुष्कळ ठिकाणी तसा नियम आहे. म्हणून गळाच्या टोकाला उलटी आकडी ठेवत नाहीत, पटकन निघावा म्हणून."

"धरायचा आणि सोडायचा? मग विमानानं जायचं कशाला?"

मुलगा म्हणाला, "आईपण हेच म्हणाली होती. पहिल्यांदा."

म्हणजे मुलालाही सगळं ठाऊक होतं. तीही ह्या बागेत येऊन ह्याच बाकावर बसली होती. मी विचारलं, मला का नाही कुणी सांगितलं? तो म्हणाला, "तुम्ही कधी विचारलंत का, आप्पा, आई दिवसभर काय करते म्हणून?" मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो. नात सायकल घेऊन आली आणि इथल्या पोरांसारखं शेवटी ला लावून म्हणाली, "आजोबा, डोन्ट बी सो ग्रंपी ला." अर्थ मुलानं सांगितला नाही. तोंडावरून कळला.

अलास्काहून डबा आला तेव्हा त्यात चौदा.

तेव्हा मी ठरवलं. आता एकही पाण्यात जाणार नाही. सप्टेंबरची टोळी निघायला चार दिवस असताना सुनेला घेऊन पाचव्या मजल्यावर गेलो. सून नको म्हणत होती. "आप्पा, हे बरं दिसत नाही. ते आईंनी त्यांना दिलेत."

"मेलेल्या माणसाची वस्तू कुणाची? नवऱ्याची. सांग त्याला."

"असं नाही सांगणार मी."

"मग कसं सांगशील?"

"बघते."

अंकल टेबलावर सामान भरत होता. गुडघ्यापर्यंतचे, कमरेपर्यंतचे रबरी बूट, काठ्यांच्या नळ्या, टोप्या. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. तो नाही म्हणेल, मग मी काय म्हणायचं, हे तीन दिवस घोकलं होतं. सूनबाई हळू आवाजात काहीतरी बोलली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग डबा उचलला, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. कॅनडाला त्यानं दुकानातले विकतचे गळ नेले.

मी जिंकलो. डबा कपाटात हिच्या साडीखाली ठेवला. दिवसातून दोनदा काढून बघायचो. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी एक गळ तळहातावर घेऊन बसलो, गुलाबी पिसांचा, आणि मला काहीच होईना. हा बांधताना ही काय बोलत होती? चष्मा लावत होती का? कोणत्या खुर्चीवर बसायची? हसली होती का मधे? डबा माझ्या हातात आणि ते सगळं तिकडं कॅनडात, त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. तो विमानातून पडला तर तेही गेलं.

तीन आठवडे मी खाली त्या दगडी टेबलाजवळ एकटा बसलो. समोरच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतून, कोपी आणायचो. इथली कॉफी, काळी, गोड. तीही प्यायची म्हणे.

तो परत आला त्या दिवशी मी त्याची वाट बघत खालीच होतो. चेहरा उन्हानं रापलेला, ओठ फुटलेले. मी त्याला टेबलाजवळ बसवलं. डबा मधे ठेवला, उघडला, एक गळ काढून त्याच्या पुढं सरकवला आणि म्हणालो, "माय वाइफ. फर्स्ट डे. टॉक." हे पाच शब्द मी नातीकडून पाठ करून घेतले होते.

त्याला कळलं. त्यानं खिशातून फोन काढला. तो फोनमध्ये इंग्रजीत बोलायचा आणि फोनमधून एक बाई मराठीत बोलायची. पुस्तकातल्यासारखं मराठी. माझ्या बायकोचं सगळं मी त्या परक्या बाईच्या आवाजात ऐकलं.

"पहिल्या दिवशी माझी दोरी गुंतली होती," बाई म्हणाली. "मी एक तास प्रयत्न करत होतो. तुमची पत्नी बाळगाडी घेऊन उभी होती. तिने माझ्या हातातून दोरी घेतली. तिने ती सोडवली. पाच मिनिटे. तिने मला मूर्ख म्हटले. मला भाषा समजली नाही, पण मला समजले."

ही हिचीच गोष्ट. तिळमात्र शंका नाही. मी गळ सोडून दिला त्याच्याकडं.

असा आमचा करार झाला. त्यानं काही मागितलं नव्हतं, मीच ठरवला. एक गोष्ट, एक गळ. फुकट ऐकायचं मला जमत नाही, आणि त्याच्या उपकारात तर मुळीच राहायचं नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला तो उतरायचा. कधी गोष्ट अर्धीच व्हायची, त्याचा फोन बंद पडायचा. कधी तो आठवत बसायचा आणि नुसती कोपी संपवून आम्ही उठायचो.

हिला काळी पिसं आवडायची नाहीत, अशुभ म्हणायची, आणि बांधताना तोंडानं पुटपुटायची. हिनं त्याच्या बायकोला ज्वारीच्या भाकरी थापायला शिकवल्या आणि त्यांचा तवा जाळला. ही इंग्रजी बोलायची. चक्क. "नॉट लाइक दिस, लाइक दॅट," म्हणून त्याच्या बोटांवर चापटी मारायची. मी ऐकत राहायचो आणि दात आवळायचो. माझ्या बोटांवर हिनं कधी चापटी मारली नाही.

एकदा बाई म्हणाली, "तुमच्या पत्नीने बिअर प्यायली. मोठा मासा मिळाल्याचा आनंद होता."

"खोटं!" मी टेबलावर हात आपटला. त्या दिवशी गळ दिला नाही.

संध्याकाळी सुनेला विचारलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अर्धा ग्लास, आप्पा. आणि मग खूप हसल्या. मला म्हणाल्या, कडू आहे, पण उगाच बदनाम केलंय."

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं तो गळ त्याच्यापुढं ठेवावा लागला.

अशा अकरा गोष्टी झाल्या. तीन गळ उरले. डिसेंबर लागला. जानेवारीची टोळी जमायला लागली होती. बारावी गोष्ट त्यानं सांगितली ती त्या बागेतली.

सरावाला एकदा तीही आली होती. अंकलनं दोरी गवतावर पसरून ठेवलेली, लांबच्या लांब. ही नातीच्या मागं पळत आली आणि दोरीवरून गेली.

"मग ती थांबली," फोनमधली बाई म्हणाली. "ती दगडासारखी झाली. तिचा चेहरा पांढरा झाला. तिने माझ्याकडे हात जोडले. तिने बादली मागितली. तिने नळावरून पाणी आणले आणि सगळी दोरी धुतली. मी म्हणालो, दोरी स्वच्छ आहे. तिने ऐकले नाही. मी म्हणालो, काही झाले नाही. मी दोरीवरून उडी मारली. इकडून तिकडे. तिकडून इकडे. मी म्हणालो, आता तू. ती नाही म्हणाली. मग तिने साडी धरली आणि ती गेली. मग परत आली. मग पुन्हा. दहा वेळा. ती इतकी हसली की ती गवतावर बसली. मग ती रडली. त्या दिवसानंतर ती माझ्या घरी येऊन माश्या बांधू लागली."

अंकल थांबला. फोन तोंडाजवळ नेऊन हळूच काहीतरी बोलला.

"बादली कशासाठी होती? तिने कधीही सांगितले नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत होतं. ह्या जगात आता ते मला एकट्याला माहीत होतं. वर्षभर मी ज्याच्या तोंडाकडं बघत बसलो होतो तो आज माझ्या तोंडाकडं बघत होता.

"नो," मी म्हणालो आणि उठलो.

आमच्याकडं बाईनं जाळं ओलांडायचं नसतं. ओलांडलं तर जाळं बाटलं, मासा लागत नाही, असं माझा बाप म्हणायचा आणि मीही म्हणायचो. लग्नाला दोन महिने झाले होते. अंगणात जाळं वाळत टाकलेलं. ही डोक्यावर हंडा घेऊन आली, खालचं दिसलं नाही, आणि पलीकडं गेली. त्या दिवशी मी रिकाम्या हातानं परत आलो. कुणीतरी मला सांगितलं. पौषाचे दिवस, पाणी हाडं फोडणारं. मी हिला धरणात कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि सगळं जाळं धुवायला लावलं. काठावर चार माणसं बघत होती. आई म्हणाली, पुरे कर रे, पोरगी गारठली. मी म्हणालो, शेवटच्या टोकापर्यंत. तिसऱ्या दिवशी हिला ताप भरला. त्यानंतर ही ओसरीवर बसून जाळी सांधायची, पण पाण्याकडं फिरकली नाही. आणि मी चारचौघांत सांगायचो, हिला मासेमारीची आवड नाही.

विसरलो होतो मी. खरंच विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

हे आपल्यापाशीच ठेवावं असं फार वाटत होतं. हिची एवढी एक तरी गोष्ट, जी त्याच्याकडं नाही. पण ती गोष्ट कसली, तर ही. दुसऱ्या दिवशी दहाला खाली गेलो. फोन त्याच्या हातातून घेतला आणि मराठीत सगळं बोललो. न थांबता, होतं तसं. फोनमधली बाई इंग्रजीत सांगत गेली. कुठं काय चुकलं असेल ते चुकलं असेल, पण त्याला पोचलं. त्याचा चेहरा बदलत गेला. कोपी अर्धी टाकून तो उठला, फोन उचलला आणि लिफ्टकडं निघून गेला. मागं वळून बघितलं नाही.

तीन दिवस खाली आला नाही. दिसला तरी तोंड फिरवायचा.

मी सुनेला म्हणालो, "त्याला काय झालं रागवायला? बायको माझी. चूक माझी. त्याचा काय संबंध?"

सुनेला मी तोवर सगळं सांगितलं होतं. ती माझ्या ताटात आमटी वाढत होती. म्हणाली, "तुमच्यावर रागवायला आईंच्या बाजूनं आजवर कोणी होतं का?"

जळलो ते सगळ्यात जास्त तेव्हा. त्याच्या पोटऱ्यांवर नाही, नद्यांवर नाही, त्या चार वर्षांवरही नाही. हिच्यासाठी माझ्यावर जो राग यायला हवा होता तो त्याला आला, एका घटकेत. मला इतक्या वर्षांत माझ्यावर तो कधी आला नव्हता.

चौथ्या दिवशी डबा घेऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. तो बाजारातून आला, हातात पिशव्या. आत शिरलो दोघं. मी डबा उघडून पुढं धरला. तीनही गळ. एक जांभळा, एक नारिंगी, एक हिनं नाखुशीनं बांधलेला काळा.

"गो," मी म्हणालो. "रिव्हर. टेक."

त्यानं पिशव्या खाली ठेवल्या. डबा घेतला, झाकण दाबून बंद केलं आणि शर्टाच्या खिशात घातला. हसला नाही. थँक्यूही म्हणाला नाही. पाचवा मजला आला, दार उघडलं, तो उतरला. मी आठव्यावर जाऊन घरचं दार उघडलं आणि फोटोसमोर बसलो. मग हिला विचारलं, आज दिवसभर काय केलंस?